बाटली दाखवा, मग सुई न्या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मधुमेहावर लेख आला होता. नवे इन्सुलिन किती सोपे, पेन खिशात मावते, सुई केसाएवढी, दिवसातून एकदा टोचले की काम झाले, असे त्यात लिहिले होते. लेख चांगला होता. मी तो कापून दुकानाच्या काचेवर चिकटवलाही. चिकटवता चिकटवता लक्षात आले की लेखात बाटली आहे, सुई आहे, पण कोणत्या बाटलीला कोणती सुई लावायची याची एक ओळ कुठे नाही. त्या एका ओळीसाठी हे लांबलचक पत्र. जागा कमी पडली तर मधले काहीही कापा, टोप्यांच्या रंगाचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका बाजारगावात मेडिकल चालवतो. अमरावतीला डी. फार्म. केले आणि १९९८ पासून याच काउंटरमागे उभा आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. ‘नाही हो’ म्हणणे मी केव्हाच सोडून दिले. दुकान टाकले तेव्हा फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या दोन बाटल्या असायच्या, त्याही एका जिनिंगवाल्या शेठजींसाठी. बाकी फ्रिजमध्ये धनुर्वाताची इंजेक्शने आणि आमच्या घरचे दही. आज वरच्या दोन्ही फळ्या इन्सुलिनच्याच आहेत, दही घरी गेले. गिऱ्हाईकही बदलले. कापूस वेचणाऱ्या बाया येतात, निराधारच्या पैशाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या येतात, ट्रॅक्टर चालवणारी पोरे येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मोठी पाहणी २०२३ साली छापून आली, तिच्यात देशभरात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले. शहरात शंभरात १६.४ आणि खेड्यात ८.९. खेड्यात प्रमाण कमी हे मान्य. पण शहरातल्या माणसाच्या गल्लीत डॉक्टर असतो, आणि आमच्याकडून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. मधल्या महिनाभरात जो काही सल्ला मिळतो तो माझ्या काउंटरवर मिळतो. चुकीचा मिळाला तर तोही तिथेच.

आता मूळ गोष्ट. इन्सुलिन युनिटवर मोजतात. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन दोन ताकदींचे विकले जाते. एका बाटलीत दर मिलीलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. काउंटरच्या अलीकडून पाहिले तर दोन्ही बाटल्या जवळपास सारख्या. फरक असतो तो लेबलवर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. सुयाही दोन (सुई म्हणजे सिरींज, आमच्याकडे सगळ्याला सुईच म्हणतात). ४० च्या बाटलीची सुई लाल टोपीची. १०० च्या बाटलीची नारिंगी टोपीची. प्रत्येक सुईवरच्या रेघा तिच्या तिच्या बाटलीसाठी आखलेल्या असतात. लाल टोपी आणि नारिंगी टोपी हे आपल्याला वाचताना वेगळे वाटते. संध्याकाळी सातला, पिवळ्या बल्बखाली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी पाहा.

हिशेब चौथीच्या पोराला येईल असा आहे. लाल सुईत वीसच्या रेघेपर्यंत ओढले म्हणजे अर्धा मिली आले. बाटली ४० ची असेल तर ते २० युनिट झाले, बरोबर. बाटली १०० ची निघाली तर तेच अर्धा मिली म्हणजे ५० युनिट, अडीचपट. उलटे झाले, ४० च्या बाटलीला नारिंगी सुई लागली, तर वीसच्या रेघेला फक्त ८ युनिट जातात. पहिल्या चुकीत माणूस एका रात्रीत जाऊ शकतो. दुसऱ्या चुकीत साखर महिनोन्‌महिने तीनशे-चारशेवर राहते, डॉक्टर डोस वाढवत जातात आणि पेशंट बोलणी खातो. ‘मी तं गोडाले हात नाई लावला जी,’ असे रडकुंडीला येऊन सांगणारे मी पाहिले आहेत. खरे बोलत होते बिचारे.

यातली पहिली चूक माझ्या हातून झाली आहे.

तीन वर्षांपूर्वीचा पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी होती. समोरच्या दुकानांत झुली, घुंगरमाळा, बेगड घेणाऱ्यांची झुंबड उडालेली आणि माझ्याही काउंटरवर तीन रांगा. शेजारच्या खेड्यातला तिशीचा पोरगा, खांद्यावर नवा कासरा, म्हणाला, ‘काका, बाबाच्या इन्सुलिनच्या सुया द्या दहा.’ मी न पाहता मागे हात घातला, रोज देतो त्या लाल टोपीच्या दहा सुया काढल्या, पैसे घेतले. पाव मिनिट लागले नसेल. त्या गावचे सगळे लालच नेत होते, विचारायचे सुचलेच नाही.

त्याचे वडील, त्यांना आपण बापू म्हणू, पायाच्या जखमेसाठी नागपूरला भरती होते आणि दहा दिवसांपूर्वी घरी आले होते. तिथे त्यांना ग्लार्जिन हे लांब चालणारे इन्सुलिन सुरू केले होते, रात्री १६ युनिट. ग्लार्जिनची बाटली १०० ची असते. सोबत आणलेल्या नारिंगी टोपीच्या सुया नेमक्या त्याच दिवशी संपल्या. रात्री बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकून झाले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झाले, मग पोराने बापूंना टोचले. चष्मा लावून, बुडबुडा काढून, अगदी सोळाच्या रेघेवर. इतक्या काळजीने ०.४ मिली भरले त्याने. म्हणजे ४० युनिट.

पहाटे चारला काकूंना जाग आली ती बापूंच्या असंबद्ध बडबडीने. बनियन पिळून निघेल इतका घाम, डोळे उघडे, पण बायकोची ओळख नाही. कोणी म्हणाले वारं गेलं अंगावरून. कोणी म्हणाले अमावस्या आहे, काही तरी दिसलं. लिंबू उतरवायची तयारी सुरू झाली होती. सून मात्र आशाताईंच्या बैठकीत बसलेली. तिने बापूंना टेकवून बसवले, गिळता येते का ते एका चमच्यावर पाहिले आणि मग वाटीभर दाट साखरपाणी हळूहळू पाजले. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही ओतायचे नाही, ते श्वासात जाते. तसाच दवाखाना गाठायचा. हे त्या पोरीला ठाऊक होते. मला विचाराल तर त्या रात्री बापूंचा डॉक्टर तीच.

ग्रामीण रुग्णालयात मशीनवर साखर ३८ आली. साखरपाणी पोटात गेल्यावर ३८, आधी किती असेल देव जाणे. शिरेतून ग्लुकोज दिले, सहाला बापू उठून बसले आणि चहा मागितला. घरचे निघायला टेकले, सण होता. ड्युटीवरच्या मॅडमनी सोडले नाही, आणि नऊला साखर पुन्हा पन्नासच्या खाली. ग्लार्जिन कातडीखाली साठून राहते आणि चोवीस तास झिरपते. एरवी हाच त्याचा गुण, रोज एकदा टोचून भागते ते याच्यामुळे. जास्तीचे गेले की तोच गुण दिवसभर मागे लागतो. बापू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सलाईनवर राहिले. त्यांची जोडी तोरणाखाली त्यांच्या भावाने नेऊन उभी केली.

दुपारी पोरगा माझ्या दुकानात आला. भांडायला नाही. मॅडमनी सुई कोणती वापरली ते विचारले होते, म्हणून पाकीट दाखवायला. मी बाटली मागितली. यावेळी त्याने आणली होती. बाटली आणि सुई काउंटरवर शेजारी ठेवली आणि माझे हात गार पडले. ‘हे माझं चुकलं,’ मी म्हणालो. तो म्हणे, ‘तुमाले काय माहीत काका, मी बाटली आणलीच नोती.’ हे त्याचे मोठेपण. पण परवाना माझ्या भिंतीवर टांगलेला आहे, त्याच्या नाही. विचारायचे काम माझे होते.

तेव्हापासून दुकानात एकच नियम आहे: बाटली दाखवा, मग सुई न्या. लाल टोपीच्या सुया डावीकडच्या खणात. नारिंगी सुया बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी, म्हणजे सवयीने निघणार नाहीत. लोक चिडतात. ‘एका सुईसाठी अकरा किलोमीटर वापस जाऊ काय जी?’ मग घरी फोन लावायला सांगतो आणि बाटलीचा फोटो व्हॉट्सअपवर मागवतो. खोक्यावर जाड मार्करने मराठीत लिहितो, ‘४० लाल’ किंवा ‘१०० नारिंगी’. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या बाटलीच्या गळ्याला त्याच रंगाचा दोरा बांधतो. एक आजी म्हणाल्या, ‘माह्या बाटलीले करदोडा बांधला पोट्ट्यानं.’ मी छप्पन्न वर्षांचा आहे. पण दोरा त्यांनी आजतागायत काढलेला नाही; नवी बाटली नेताना जुनीवरचा सोडून तोच नव्या बाटलीला बांधतात.

पण माझ्या दोऱ्याने देश चालत नाही. माझे म्हणणे सरळ आहे: देशात इन्सुलिनची बाटली एकाच ताकदीची असावी. हे काही मी शोधून काढलेले नाही. इन्सुलिन निघाले तेव्हा ताकदीचा घोळ सगळीकडेच होता, २० ची बाटली, ४० ची, ८० ची. इंग्लंडने १९८३ साली सगळे मोडून १०० वर आणले. तिथल्या पेशंटला लाल की नारिंगी हा प्रश्न पडत नाही. १९२२ च्या ११ जानेवारीला टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले. पहिला अर्क अशुद्ध निघाला. रसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी तो शुद्ध केला तेव्हा पोरगा सावरला. पुढे इन्सुलिन शोधणारे बँटिंग आणि बेस्ट, आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध अडू नये म्हणून त्यांनी एवढे केले, आणि आपण शंभर वर्षांनी रेघांचे दोन हिशेब सांभाळत बसलो आहोत.

कोणी म्हणेल, उद्यापासून ४० बंद करा. तसे केले तर मोठा घात होईल, हेही काउंटरवर उभा असलेला माणूसच सांगू शकतो. लोक एकच लाल सुई आठ-आठ, दहा-दहा वेळा वापरतात. वापरू नये, मी रोज सांगतो, पण वापरतात. घराघरात दिव्याच्या कोनाड्यात लाल सुया पडलेल्या आहेत. हातात १०० ची बाटली द्याल आणि कोनाड्यातली लाल सुई तशीच राहिली, तर तालुक्यात एकाच आठवड्यात दहा बापू होतील. म्हणून आधी वर्षभर सांगणे, मग जुन्या सुया परत घेऊन नव्या फुकट देणे, आणि मगच बाटली बदलणे. आणि भाव. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारी ४० ची दुधाळ इन्सुलिनची बाटली आज दोनशे रुपयांच्या आत येते. १०० ची आली आणि युनिटमागे दोन पैसे जरी वाढले, तरी आमच्याकडचे लोक डोस कमी करतील, पैसे वाढवणार नाहीत.

बदल होईल तेव्हा होवो. तोवर बाटलीच्या खोक्यावर त्या रंगाचा नुसता ठसठशीत ठिपका छापायला किती शाई लागते? आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगणे, युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ काढू नका. घाईत तो शून्यासारखा होतो, ६ चे ६० दिसतात. मी दोनदा फोन करून खात्री केली आहे, तिसऱ्यांदा माझ्या जागी दुकानात नवा पोरगा बसलेला असेल. ‘युनिट’ असा अख्खा शब्द लिहा, आणि शेजारी ४० की १०० तेही.

लेखात नव्या इन्सुलिनची तारीफ होती. ती खोटी नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालते ते ३०/७०, दुधासारखे दिसणारे, तळव्यात घोळवून घ्यावे लागते ते. त्यात ३० भाग साधे इन्सुलिन, अर्ध्या तासात सुरू होणारे. ७० भाग एनपीएच नावाचे सावकाश चालणारे इन्सुलिन, ते चार ते आठ-दहा तासांत जोरावर येते. आता निंदणाला जाणारी बाई पाहा. सातला टोचले, घाईत अर्धी भाकर खाल्ली, आठला वावरात. अकरा-साडेअकराला आतले इन्सुलिन चढलेले, वरून ऊन, कंबर वाकलेली, आणि शिदोरी सुटणार दोनला. हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते, सोबतच्या म्हणतात ऊन लागलं, कांदा हुंगवतात. तिला साखर पाहिजे असते, कांदा नाही. दोन-तीन वेळा असे झाले की ती स्वतःच ठरवते: मजुरीच्या दिवशी सुई घ्यायची नाही. डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी पाहतात आणि विचारतात साखर का वाढली. मजुरीचे दिवस किती होते, हे कोणी विचारत नाही.

अशा बाईला ग्लार्जिनचा खरा उपयोग. त्याला मोठा चढ नाही, दिवसभर सारखे चालते. जेवण इकडेतिकडे झाले तरी एकदम खाली पाडत नाही, डोस बरोबर असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली असे लांब चालणारे इन्सुलिन आवश्यक औषधांच्या यादीत घेतले, आपल्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन २०२२ ला आले. यादीत आले, माझ्या फ्रिजमध्येही आले. निंदणवाल्या बाईच्या पिशवीत फारसे गेले नाही, कारण ३०/७० पेक्षा महाग पडते. परवडत नसेल तिथे मी एवढेच सांगतो: डॉक्टरांना तुमची कामाची वेळ सांगा, आणि अकराला धुऱ्यावर बसून अर्धी भाकर खा. मालकीण काही बोलली तर माझे नाव सांगा. पदराच्या गाठीला तीन चमचे साखरेची पुडी बांधलेली असू द्या. हात थरथरले की ती खायची, पंधरा मिनिटे सावलीत बसायचे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. आणि मग भाकर.

‘सुई लागली म्हणजे संपलं’ ही भीती खेड्यात आहे, हे लेखात होते. ती भीती कुठून आली तेही लिहायला हवे होते. ‘ऐकत नसाल तर सुई लावावी लागेल’ असे दहा वर्षे धमकीसारखे सांगायचे, आणि अकराव्या वर्षी म्हणायचे सुईला भिऊ नका.

पेनबद्दल एक सांगतो. पेन छान आहे, बाटलीचा घोळच नाही, आकडा फिरवला की झाले. पण पेनच्या सुईला दोन टोप्या असतात, बाहेरची मोठी आणि आतली बारीक. एक रिटायर्ड कंडक्टर, हिशेबाचा पक्का माणूस. नवे पेन घेतल्यावर तीन आठवड्यांत साखर दोनशेवरून चारशेवर. डोस वाढला, पुन्हा वाढला. शेवटी मी म्हणालो, माझ्यासमोर घ्या. त्यांनी शर्ट वर केला, मोठी टोपी काढली, आतली तशीच ठेवली आणि पोटाला टेकवून बटण दाबले. इन्सुलिन टोपीतच गळत होते. ‘दुखत नाई म्हणून सांगितलं होतं, दुखलं नाई,’ ते म्हणाले. इतके दिवस त्यांना वाटत होते की हीच नव्या इन्सुलिनची कमाल. मी आतली टोपी काढून हातात दिली तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. मात्र वाढवलेला डोस तसाच ठेवून टोपी काढली असती तर पुन्हा बापूंसारखेच झाले असते. म्हणून आधी डॉक्टरांना फोन लावला, डोस खाली आणला, मगच पहिली खरी सुई टोचली. आता नवे पेन देताना मी आधी दोन युनिट हवेत उडवून दाखवायला सांगतो. टोकाला थेंब दिसला पाहिजे. थेंब नाही तर टोचणे नाही. मग टोचल्यावर दहापर्यंत मोजायचे आणि मगच सुई बाहेर.

आणि ऊन. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, असे खोक्यावर लिहिलेले असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो, लाईट दुपारीच जाते, आणि निम्म्या घरांत फ्रिज नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातले काही बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, जास्त टिकेल म्हणून. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. काही जण गाडीच्या डिक्कीत ठेवून दिवसभर बाजार करतात. त्या डिक्कीत अंडे शिजेल. फ्रिज नसलेल्यांना मी माठाचे सांगतो. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कोरड्या डब्यात, डबा लहान माठात, माठ ओल्या रेतीवर ओसरीच्या सावलीत, वरून ओले पोतडे. मी दोन उन्हाळे थर्मामीटर ठेवून पाहिले आहे. बाहेर ४४ असताना आत २६-२७ राहते. श्रावणात हवा दमट असते, माठ तेवढा गार होत नाही, पण तेव्हा ऊनही नसते. केनियाच्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या उष्णतेवर जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेने अभ्यास केला, २०२१ ला छापून आला. २५ ते ३७ अंशांत चार आठवडे वर-खाली ठेवलेले इन्सुलिन थंड्यातल्या इन्सुलिनइतकेच चांगले राहिले. म्हणून ‘घरात फ्रिज नाही, तुम्हाला इन्सुलिन चालणार नाही’ असे सांगून गोळ्यांवरच ताणत ठेवणे मला पटत नाही. चालू बाटली माठात महिनाभर खुशाल राहते. महिना झाला की उरलेली टाकायची. उघडल्याची तारीखही मी मार्करनेच लिहून देतो.

बापूंबद्दल कोणी विचारेल म्हणून लिहितो. ते बरे आहेत, पायही वाचला. महिन्याला स्वतः येतात. ‘रामराम’ म्हणायच्या आधी बंडीच्या खिशातून बाटली काढून काउंटरवर ठेवतात आणि मी स्टूल ओढेपर्यंत काही बोलत नाहीत.

आपला,
एक औषध विक्रेता
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये. माझी हरकत नाही, पण नावावरून बापूंचे घर ओळखू येईल.)

ता. क. पत्रासोबत पाकिटात दोन टोप्या टाकल्या आहेत, एक लाल आणि एक नारिंगी. फोटो छापणार असाल तर रंगीत पानावर छापा. आमच्याकडे येणाऱ्या अंकात तालुक्याचे पान काळे-पांढरे असते, त्यावर दोन्ही टोप्या सारख्याच करड्या दिसतील.